बाबांच्या नंबरवरची माणसं

जुलै लागला की आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आईची त्यावर एकच तक्रार, की एवढ्या चपलांत दूधवाल्याने पाय कुठे ठेवायचा. आत टेबलाशी बाबा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात जुना लॅपटॉप, आणि समोरच्या खुर्चीत कोणीतरी प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं. पिशवीत कागद. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं असायचं. आमच्या आणि समोरच्या बिल्डिंगमधली सगळी निवृत्त मंडळी जुलैत आमच्याकडे येऊन जायची, आणि शेवटची तारीख जवळ आली की काही जण दिवसातून दोनदा यायचे.

बाबा सीए-बीए कोणी नव्हते. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचं रिटर्न भरून देणाऱ्या माणसाने त्यांना तीन हेलपाटे घालायला लावले, तर तिसऱ्या वेळी बाबा रविवार कारंजा चौकातून तणतणत घरी आले. "यात काय एवढं मोठं शास्त्र लागून गेलंय? मीच शिकतो." आणि शिकले. महाहट्टी माणूस. माझा तापटपणा सगळा तिथून आलाय असं आई म्हणते, आणि तिच्या माहेरकडून मला फक्त केस आले असंही म्हणते.

पैसे ते घ्यायचे नाहीत. कोणी पंचवटीच्या बाजारातून येताना मेथीची जुडी आणायचं, कोणी घरचं लोणचं. आईचे मात्र हाल. दिवसाला वीस-पंचवीस कप चहा आणि वर, "वहिनी, आलं घातलंय ना?" मी कॉलेजच्या ऑफिसातून दमून घरी यावं तर बसायला खुर्ची नाही. चिडायचे मी. "बाबा, घर आहे का एसटी स्टँड?" ते वर न बघता म्हणायचे, "तू आत बस, तुझा नंबर शेवटी." आज कोणी मला म्हणालं की तसा एक दिवस परत देतो, तर मी उभ्याने चहा देईन. चाळीस कप देईन.

आता ओटीपीची गंमत सांगते. रिटर्नला मोबाइल नंबर लागतो. त्या नंबरवर सहा आकडे येतात, ते टाकले की कुलूप उघडतं. लोक म्हणायचे, "साहेब, नंबर तुमचाच टाका ना. आम्हाला कुठे ते मेसेज वाचता येतात?" बाबा टाकायचे. नको म्हणायला हवं होतं, पण ते त्यांना जन्मात जमलं नाही. होता होता बारा-चौदा माणसं बाबांच्या नंबरवर जमली. पासवर्डही सगळे बाबांच्या डोक्यात. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा तर बँकेतसुद्धा बाबांचाच नंबर. काकू मूळच्या नांदगावकडच्या, नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो गेल्यापासून एकट्याच. त्यांचा फोन बटणांचा, आणि तो कायम बंद. का, तर बॅटरी वाचावी म्हणून.

मग कोणाचा मुलगा पुण्याहून वडिलांचं काही बघायला बसला की ओटीपी यायचा आमच्याकडे. बाबा गॅलरीत उभे राहायचे आणि ओरडायचे, "सुभेदार, लिहून घ्या! एक्केचाळीस... सत्तावन्न... शून्य तीन!" समोरच्या गॅलरीतून सुभेदारकाका तेच मोठ्याने परत म्हणायचे. ते सैन्यातून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पचं क्वार्टर सोडून इथे राहायला आलेले, आणि आवाज असा की पेठ नाक्यापर्यंत ऐकू जावा. अख्ख्या गल्लीला सुभेदारांचा ओटीपी पाठ. मी म्हणायचे, "अहो बाबा, हे गुपित असतं." ते म्हणायचे, "अगं, इथे कोण परकं आहे?"

मार्चमध्ये, होळीनंतर आठ दिवसांनी, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

माझं लग्न झालेलं नाही, पंचेचाळिशी उलटली, आणि तो विषय आता सगळ्यांनी सोडून दिलाय. म्हणजे घरात आता आई आणि मी, दोघीच. आई बोलेनाशी झाली. रडायची नाही, भांडायची नाही, नुसती बसायची. एक काम मात्र न चुकता करायची. बाबांचा फोन फ्रिजवर ठेवलेला असायचा, तो रोज चार्जिंगला लावायची आणि काढायची. एकदा मी म्हटलं, "आई, बंद करूया का हा नंबर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप तीन महिन्यांचा रिचार्ज मारला.

एप्रिल-मे तो फोन मुका पडून होता. जूनच्या शेवटी एका सकाळी वाजला. आई पोळी टाकून धावली. "अगं, यांचा फोन! यांचा फोन वाजतोय!" बघते तर मेसेज, सहा आकड्यांचा. पाठोपाठ समोरून सुभेदारकाकांची हाक. "वहिनी, आकडा आला का हो? मुलगा बसलाय तिकडे पुण्याला." आईने डोळ्यांजवळ फोन धरला, गॅलरीत गेली, आणि थेट बाबांसारखे, दोन-दोन करून आकडे वाचले. एकदा, मग परत एकदा. माझ्या हातातला डबा हातातच राहिला. तीन महिन्यांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून आई जिवंत झाली, खरंच सांगते. रोज कोणाचा तरी आकडा यायचा. कोणी खालून हाक मारायचं, कोणी दारात यायचं, आणि आलं की दोन घटका बसायचं. आई चहा टाकायची. "यांच्यामागे आता मलाच बघायला लागतं सगळं," असं म्हणायची आणि म्हणताना पदर सारखा करायची. जेवायला लागली. एके दिवशी स्वतःहून म्हणाली, "आज वांग्याचं भरीत करू?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन म्हटलं, कर.

हे सगळं चूक आहे हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. आमच्या कॉलेजात सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं, त्याच्या खुर्च्या मी मांडून घेतल्या होत्या. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' ही नोटीस बोर्डावर लागली, ती टाइप करणारी मीच. जुलै आला की चोरांचा सुगीचा हंगाम असतो, परताव्याच्या नावाने फोन येतात, लिंक येतात, हे मी चारचौघांत सांगायचे. पण घरात आई भरीत करत होती, आणि तिला थांबवायचा मला धीर झाला नाही.

जुलैचा दुसरा आठवडा असेल. कॉलेजातून लवकर सुटले, रिक्षा मिळाली, तीनलाच घरी. जिना चढताना वरून आईचा आवाज आला. दार उघडंच होतं. आई टेबलाशी बसलेली, बाबांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत ती याआधी कधीच बसली नव्हती. कानाला बाबांचा फोन, आणि बोलणं कसं, अगदी ठसक्यात. "हो हो, यांनीच तर सगळ्यांचं केलं. पैसा नाही घेतला कोणाचा. ... अहो, आता माणसं कुठे राहिलीत तशी!" आणि हसली. मी दारातच उभी राहिले. चप्पलही काढली नाही. मला वाटलं, बोलू दे, आणखी थोडं बोलू दे. कोणाशी बोलते आहे हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

मग तिने समोरचं काहीतरी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. एटीएम कार्ड. त्याला रबर लावलेलं आणि रबरात एक चिठ्ठी. काकूंचं कार्ड ते, मी ओळखते, चिठ्ठीवर पिन लिहिलेला असतो. आई म्हणाली, "कार्डावरचे सांगितले ना मी सगळे? बरं, आता मेसेजही आलाय, लिहून घेतलाय, सांगते. ब्याऐंशी... सात..."

मी कशी धावले मला माहीत नाही. फोन हिसकावला तेव्हा आईच्या कानातलं ओढलं गेलं. ती ओरडली, "अगं, काय करतेस? कामात आहे मी!" सहापैकी तीन आकडे गेले होते.

फोन कापला तोच पुन्हा वाजला. मी उचलला. पलीकडून छान, शुद्ध मराठी, एखाद्या शाळामास्तरासारखी. "ताई, फोन कट झाला वाटतं. राहिलेले आकडे सांगता?" मी म्हटलं, "लाज विकून खाल्लीस का रे मेल्या? म्हाताऱ्या बायकांना लुटतोस? थांब, पोलिसातच देते तुला." त्याच्यावर काही परिणाम नाही. आवाज तसाच गोड. "तुम्ही चिडू नका ताई. साहेब आले का बाहेरून? त्यांना द्या फोन."

मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून कानातलं चाचपत होती.

पुढचा अर्धा तास नुसती पळापळ. बँकेला फोन लावून काकूंचं कार्ड बंद केलं, सायबर तक्रारीच्या क्रमांकावर सगळं सांगितलं, मग काकूंना रिक्षात घालून शाखा बंद व्हायच्या आत बँकेत नेलं. पैसे हलले नव्हते. काकूंची मुदत ठेव, त्यांचा म्हातारपणाचा सगळा आधार, जागच्या जागी होती. तीन आकडे उरले म्हणून वाचली. मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, नशीब म्हणायचं." नशीब कसलं? मी दारात उभी राहून ऐकत होते, त्यात आणखी दोन श्वास घेतले असते तर संपलं होतं.

घरी आल्यावर मी आईला बोलले. फार बोलले. तोंडाला लगाम नाही माझ्या. "अक्कल गहाण ठेवलीस का? काकूंचं सगळं गेलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं आपण? कार्ड मागितलं आणि तू खाली जाऊन घेऊन आलीस? आणि काकूंचंच नाव कुठून कळलं त्याला?"

ते आईने सांगितलं. अगदी हळू आवाजात. तो म्हणाला की परतावा मंजूर झालाय पण अडकलाय, आज संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. आणि आईने त्याला विचारलं, "कोणाचा हो? खालच्या काकूंचा का?" तो म्हणाला, "हो, काकूंचाच."

झालं. दुसऱ्या कुठल्याही घरात बाई म्हणाली असती, आमचा कसला परतावा, आणि फोन ठेवला असता. आमच्या घरात फोनवर डझनभर माणसं. आईने चोराला माणूस निवडून दिला.

मी म्हटलं, "आणि बाबा बाहेर गेलेत असं सांगितलंस?"

तिने कानातलं काढून मुठीत घेतलं. मग म्हणाली, "त्याने विचारलं ना, साहेब आहेत का म्हणून. चार महिन्यांत कोणी विचारलं नाही गं. सगळे माझ्याकडे बघून मान हलवतात. हा म्हणाला, साहेब आहेत का. मला वाटलं, आहेत. आत्ता आहेत, बाहेर गेलेत, येतील. तेवढ्यापुरतं बरं वाटलं." आणि मग, "मी यांचं नाव घालवलं."

मला तिच्या जवळ जाऊन बसायचं होतं. मी आत जाऊन कुकर लावला. असं का करतो आपण, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काकूंची माफी मागायला खाली गेले. काकू लसूण सोलत होत्या. "अगं पोरी, गेले नाय ना पैसे? मग कशाला डोळ्यात पाणी? विश्वास तर पानिपतातच गेला म्हणतात, त्यात तुझ्या आईचं काय चुकलं? ती जिना उतरून माझ्या दारात आली, मला लय बरं वाटलं. साहेब गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नव्हतं टाकलं तिनं. म्हणाली, काकू, कार्ड द्या, यांचं काम राहिलंय. मी दिलं. तुझा बाप मागता तर मी घर दिलं असतं."

माझा बाप. इथे कोण परकं आहे म्हणणारा. मला त्याच्यावरच राग आला, काय सांगू! एवढी माणसं आपल्या एका फोनवर टांगून हा माणूस चहाची वाट न बघता निघून गेला. आणि रागावायला समोर नाही. जिवंत असते तर मी कडाकडा भांडले असते, त्यांनी वर न बघता "बरं" म्हटलं असतं, आणि मग आम्ही जेवायला बसलो असतो. मला ते भांडण पाहिजे आहे. अजून पाहिजे आहे.

मी ठरवलं, एकेकाला बाबांच्या नंबरवरून उतरवायचं. दोन रविवार घेतले. गॅलरीतून ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी आपापला फोन आणि पॅन कार्ड घेऊन या!" दारात पुन्हा चपला पडल्या. बाबांच्या खुर्चीत मी बसले. पासवर्ड कोणालाच आठवत नव्हते, ते बाबांबरोबर गेले. म्हणून प्रत्येकाचा पासवर्ड नव्याने करायचा, आणि त्यासाठी आधी बाबांच्या फोनवर ओटीपी येणार. तो पंधरा मिनिटं चालतो, मग मरतो. तो टाकला की आत जायचं आणि बाबांचा नंबर खोडून ज्याचा त्याचा घालायचा. म्हणजे प्रत्येकासाठी बाबांचा फोन शेवटचा एकदा वाजणार होता.

आईला मी म्हटलं, "तू वाच." ती नको म्हणाली. त्या दिवसापासून तिने फोनला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "मी इथे आहे, दार लावलंय, माणूस समोर बसलाय. आता वाच." तिने वाचलं. एकदा, आणि परत एकदा. पण गॅलरीत गेली नाही.

सुभेदारकाकांचं सगळ्यात आधी केलं. त्यांना नवा नंबर घालून दिला आणि बजावलं, "काका, आता हा आकडा आला की मोठ्याने म्हणायचं नाही. मनात म्हणायचं." ते म्हणाले, "मनात मला येत नाही." मी म्हटलं, "शिका. आणि परतावा आपोआप खात्यात येतो, त्यासाठी कोणीही फोन करून कार्ड विचारत नाही. विचारलं की चोर. घाई केली की चोर. आज संध्याकाळपर्यंत म्हणाला की डबल चोर." काकांनी सलाम ठोकला. उठताना फ्रिजजवळ थांबले आणि फोनकडे बघत म्हणाले, "म्हणजे आता माझा मेसेज तिथे यायचा नाही." मी नाही म्हटलं. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाले आणि चपला उलट्या घालून गेले.

काकूंना त्यांच्याच बटणांच्या फोनवर आणलं. "म्हंजे हे डबडं दिवसभर चालू ठिवायचं?" "हो काकू. चालू ठेवायचं. आणि ती चिठ्ठी फाडा आधी." चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. पिन कुठे लिहून ठेवलाय हे मला सांगायला लागल्या तर मी कान झाकले. आई हसली. थोडंसंच, पण हसली.

दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत एकेक करून सगळी माणसं उतरली. शेवटी आईचं स्वतःचं रिटर्न राहिलं. मला त्याचीच धास्ती होती. मी मनात तयारी करून ठेवली होती, काय समजावायचं, कसं बोलायचं, चिडायचं नाही. तर आईच म्हणाली, "माझं कर की. थांबलीस कशाला?" ओटीपी आला. आईने तो वाचून दाखवला नाही. लॅपटॉप स्वतःकडे ओढला, एका बोटाने सहा आकडे टाकले, बटण दाबलं. तिचा नवीन नंबर लागला. "झालं?" म्हणाली. "झालं," मी म्हटलं. मला एवढा अभिमान वाटला तिचा, की मी उठून चहा टाकायला निघाले.

"बस खाली," आई म्हणाली. "आणि तुझं?"

मी बसले नाही. "माझं काय?"

"तुझं रिटर्न कोण भरायचं? हेच ना? मग तुझा नंबर कोणाचा आहे?"

मी म्हटलं, "माझं करते नंतर. अजून चार दिवस आहेत शेवटच्या तारखेला."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आई म्हणाली, आणि पुढचं गिळून टाकलं.

खरं होतं. जगाला नोटिसा टाइप करून देणारी मी, दोन रविवार लोकांना झापणारी मी, माझंच खातं बाबांच्या नंबरवर होतं. नोकरीला लागल्यापासून माझं रिटर्न त्यांनी भरलं. माझा पासवर्ड मला कधी माहीत नव्हता, मी कधी विचारलाही नाही. मार्चपासून मला हे माहीत होतं आणि मी त्याकडे पाठ फिरवून बसले होते. आईला वाटत होतं की फोनची आशा तिला एकटीला आहे. मी ऑफिसात बसून किती वेळा मनात म्हटलं असेल, निदान माझं एक तरी काम त्यांच्याकडे राहू दे. बाकी काही उरलं नाही. कपडे दिले, चष्मा दिला, गाडी विकली. सरकारदरबारी तरी लिहिलेलं राहू दे, की या बाईला काही विचारायचं असेल तर तिच्या बापाला विचारा.

"आई, नको ना गं," मी म्हटलं.

आईने माझं पॅन कार्ड माझ्या पर्समधून स्वतः काढलं. माझ्यापुढे ठेवलं. मी त्यावरचा नंबर टाकला, 'पासवर्ड विसरलात का' वर दाबलं. फ्रिजवर बाबांचा फोन वाजला. आई उठली, फोन घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि सहा आकडे वाचले. मग परत वाचले. माझी बोटं हलेनात. स्क्रीनवर वेळ उलटी पळायला लागली होती आणि मला आकडे दिसत नव्हते, सगळं पाणी पाणी झालं होतं. मी तोंड झाकून घेतलं. चार महिने मी आईसाठी घट्ट राहिले होते, कुकर लावले होते, रिचार्ज मारले होते. ते सगळं एकदम सुटलं.

आईने काही समजावलं नाही. पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. फोन दोन्ही हातांत धरून शांत बसून राहिली, आणि मग म्हणाली, "पंधरा मिनिटं चालतो ना गं तो? मग चौदा मिनिटं रडून घे आणि पंधराव्या मिनिटाला टाक. मी धरून बसते."

मी अकराव्या मिनिटाला टाकला.